मावशींचा हो

उद्या मावशी पुन्हा 'हो' म्हणतील. संध्याकाळपासून हे एकच डोक्यात घोळतंय. जेवताना घोळत होतं, ओटा पुसताना घोळत होतं, आणि आता घर झोपलंय तरी जात नाही. कुणाला सांगायला जावं तर ऐकणारा म्हणेल, 'हो' म्हणण्यात घाबरण्यासारखं काय आहे? म्हणून लिहायला बसले. मावशी कोण, त्यांचा हा 'हो' कसला आणि त्यापायी त्यांच्यावर काय ओढवू शकतं, हे एकदा सरळ कागदावर आलं तर कदाचित मलाच कळेल काय करायचं ते.

मावशी म्हणजे शाळेच्या बसमधल्या मावशी. मुलांना हाताला धरून चढवायचं, मोजून बसवायचं, आपापल्या थांब्यावर उतरवायचं, हे त्यांचं काम. मुलं त्यांना शिट्टीमावशी म्हणतात, कारण त्यांच्या गळ्यात जाड काळ्या दोरीत ओवलेली शिट्टी असते. ड्रायव्हरला मागचं दार दिसत नाही, तेव्हा त्याला शिट्टीनेच कळवायचं. लांबलचक शिट्टी म्हणजे थांब, दोन आखूड शिट्ट्या म्हणजे चल. माझी लेक पहिलीपासून शाळा संपेपर्यंत त्याच बसने गेली. घरी खेळताना बाहुल्यांची बस करायची आणि बाबांनी स्वयंपाकघरातून बाहेर पाऊल टाकलं की लांब शिट्टी वाजवायची. बाबा बिचारे भाजीचा वाडगा हातात घेऊन उभेच.

एकदा ही बया बसमध्ये शेवटच्या सीटखाली दप्तरावर डोकं ठेवून झोपून गेली. थांब्यावर ती उतरलीच नाही. रिक्षा करून आगारात पोचले तर मावशी तिला खांद्यावर घेऊन येत होत्या. बस रिकामी झाली की प्रत्येक सीटखाली हात फिरवून बघायचा, ही त्यांची पद्धत. कुणी सांगितलेली नव्हती. "डोळ्याला चुकतं ताई, हाताला नाही चुकत," एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या आमच्या घरच्या झाल्या. लेक कॉलेजात गेली तरी सुट्टीच्या दिवशी मावशी येतात, भाजी निवडतात आणि मी काय बोलेन ते ऐकतात.

त्यांचं हे ऐकणंच मुळात सगळ्या घोटाळ्याचं कारण आहे.

मावशी ऐकताना 'हो' म्हणतात. तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत, अर्ध्यावर, पाव वाक्यावर. हो. हो. हो ना. तो होकार नसतो, हुंकार असतो. मी इथेच आहे, ऐकतेय, पुढे सांगा, असा त्याचा अर्थ. ही सवय कुठून लागली, ते त्यांनीच मला सांगितलंय. त्यांच्या वडिलांची नजर तरुणपणीच गेली. काम सुटलं, मग घरात बसून राहायचे आणि बोलत राहायचे. मुलगी गप्प झाली की त्यांना वाटायचं, उठून गेली. हाका मारायचे, कावरेबावरे व्हायचे, चाचपडत उठायला बघायचे. म्हणून ही पोर भाकरी थापताना, केस विंचरताना, झोपेत असतानासुद्धा हो म्हणायला शिकली. वडील गेले, 'हो' राहिला.

त्यापायी झालेल्या गमती कितीतरी आहेत. थांब्यावरच्या दोन आयांचं मुलांच्या भांडणावरून जुंपलं तेव्हा दोघींनीही मावशींना वेगवेगळं गाठून आपली बाजू सांगितली, आणि मावशी माझ्याच बाजूच्या आहेत म्हणून दोघी वर्षभर एकमेकींना टोमणे मारत राहिल्या. फोनवर कुणीतरी व्यायामाच्या सायकलची माहिती द्यायला लागला, मावशींनी सभ्यपणे ऐकून घेतली, आणि पुढच्या आठवड्यात सायकल दारात. आता तिच्यावर टॉवेल वाळतात. त्यांचा नवरा होता तेव्हा म्हणायचा, "हिच्याशी भांडण काढून उपयोग नाही. मी शिव्या द्यायला लागलो की ही माझ्या बाजूने बोलते."

आम्ही यावर खूप हसलोय. आज मात्र मी तोच 'हो' कोर्टात ऐकला.

झालं असं. पावसाळ्याच्या आधी त्यांच्या बसमधली एक लहान मुलगी उतरताना पडली आणि मागच्या चाकाखाली तिचा पाय आला. दप्तराचा पट्टा दाराच्या कडीत अडकला होता. मावशींनी तो बघितला, एका हाताने पट्टा धरला आणि लांब शिट्टी मारली, मारत राहिल्या. बस तरी निघाली. मुलगी वाचली, पण पाय अजून नीट टेकत नाही. गुन्हा ड्रायव्हरवर दाखल झाला. ड्रायव्हर म्हणतो, मला चल अशी शिट्टी आली. आता त्या शिट्टीबद्दल खात्रीने सांगू शकतील अशा एकट्या मावशी आहेत. त्या साक्षीदार आहेत. पण शिट्टी चुकीची होती असं ठरलं, तर ड्रायव्हर सुटणार आणि त्याच्या जागी मावशी उभ्या राहणार. तुरुंगापर्यंत जाऊ शकतं, असं सरकारी वकीलबाईंनी मला पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. मावशींना वेळेवर आणायची जबाबदारीही त्यांनी माझ्यावर टाकली आणि स्वतःचा नंबर दिला.

साक्षीचं बोलावणं आलं तेव्हा मावशींना शिट्टीची काळजी नव्हती. "मी काय वाजवलं ते मला ठाऊक आहे की," म्हणाल्या. त्यांना काळजी होती, घालायचं काय. बोलावण्यासोबत एक छापील कागद होता, कोर्टात येणाऱ्यांनी कसं यावं आणि कसं वागावं याचा. मी मोठ्याने वाचून दाखवला. अंग झाकणारे साधे कपडे. टोपी, गॉगल नको. उघडी पादत्राणं नकोत. मोबाईल बंद. न्यायाधीश आत येताना उठून उभं राहावं. पायावर पाय टाकून बसू नये. न्यायाधीश बोलत असताना मध्ये बोलू नये. बसलेल्यांनी साक्षीदाराला हाताने, मानेने, डोळ्याने कसलीही खूण करू नये.

"हो," मावशी म्हणत होत्या, "हो, हो."

मी कागद खाली ठेवला तशा म्हणाल्या, "आता परत एकदा सांगा, चपलेचं काय म्हणालात?"

चपलेचंच अडलं. मावशींच्या पायाला भोवऱ्या आहेत. आयुष्यभर उभं राहण्याचं काम, त्यामुळे पुढून उघडी, मऊ रबरी चप्पलच त्यांना चालते. आज सकाळी त्या तीच घालून आल्या. बाकी सगळं चोख. साडी इस्त्रीची, डोक्याला तेल, आणि गळ्यात शिट्टी.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने आधी शिट्टी काढून घेतली. किल्ल्या, तंबाखूच्या डब्या, कात्र्या पडल्या होत्या त्या तबकात टाकली. "जाताना मिळेल." मग खाली बघितलं. "हे नाही चालणार."

"अहो, मी साक्षीदार आहे."

"असाल. बोटं दिसतायत."

मावशींनी आपल्या बोटांकडे पाहिलं, जणू तीच काही गुन्हा करून आली आहेत. मी माझे बंद बूट काढले आणि त्यांना दिले. त्यांना ते एक माप लहान. पाय आत कोंबताना त्यांचा चेहरा पांढरा पडला, पण म्हणाल्या, "छान आहेत हो ताई, मऊ आहेत." आता मी अनवाणी. पहारेकऱ्याने टेबलाखालून एक खोका ओढला. त्यात लोकांनी सोडून दिलेले जोड होते, माझ्यासारख्यांसाठी ठेवलेले. कुणाही बाईच्या मापाचं त्यात काही नव्हतं. पुरुषाचे काळे बूट, नाड्या नसलेले, मी पायात चढवले. चाललं की टाळ्या वाजवल्यासारखा आवाज.

"कोर्टात टाळ्या वाजवू नये असंही लिहिलंय बरं का," मावशी म्हणाल्या. आज हसलो ते तेवढंच.

आत खोली लहान होती. मला वाटलं होतं तशी भव्य वगैरे नाही. पंखा हळू फिरत होता, कपाटावर फायलींचे गठ्ठे छताला टेकले होते, आणि न्यायाधीशांच्या खाली टाइप करणारी मुलगी बसली होती. मी मागच्या बाकावर. ड्रायव्हर कोपऱ्यात उभा, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. त्याला मी इतकी वर्षं बनियनवर खिडकीतून हात बाहेर टाकलेला पाहिलंय. त्याच्याकडे बघून मला राग यायला हवा होता. आला नाही. तोही घाबरलेलाच होता.

मावशी पिंजऱ्यात चढल्या. पहिल्याप्रथम त्यांचा हात गळ्याशी गेला. तिथे शिट्टी नव्हती. हात तिथेच चाचपडत राहिला.

"हात खाली घ्या," न्यायाधीश म्हणाले. "आणि सरळ उभ्या राहा."

सरळ कशा राहणार? बूट चावत होते. या पायावरून त्या पायावर करत होत्या, आणि लांबून बघणाऱ्याला ते खोटं बोलणाऱ्याचं चुळबुळणं वाटावं असंच होतं.

आमच्या वकीलबाईंचे प्रश्न लवकर संपले. मावशींनी लांब शिट्टीचं नीट सांगितलं. मग ड्रायव्हरचे वकील उठले. मी धरून चालले होते की ते ओरडतील, बोट रोखतील. तसं काही नाही. गोड आवाज, सावकाश बोलणं, घरी चहाला आल्यासारखं.

"तुमचं काम मोठ्या जबाबदारीचं आहे."

"हो."

"दिवसभर उभं राहायचं, पाय दुखतात."

"हो ना."

"बसमध्ये मुलं ओरडत असतात, एक ऐकलं तर दुसरं ऐकू येत नाही."

"हो."

"आणि त्या दिवशी घाई होती, पुढच्या थांब्यावरचे पालक खोळंबले होते."

"हो."

"अशा घाईत ती मुलगी पायरीवर असतानाच तुमच्याकडून,"

"हो,"

"दोन आखूड शिट्ट्या गेल्या."

"हो," मावशी म्हणाल्या, आणि ते पुढे काय सांगतात याची वाट बघत राहिल्या.

ते पुढे काहीच बोलले नाहीत. टाइप करणाऱ्या मुलीची बोटं वाजायला लागली.

मी मान हलवली. मला कळलंसुद्धा नाही मी हलवली ते. नाही, नाही, अशी जोरात. दाराशी उभा असलेला शिपाई वाकून माझ्या कानाशी आला. "बाई, पुन्हा मान हलवलीत तर बाहेर काढावं लागेल. आणि साहेबांनी पाहिलं तर नुसतं बाहेर काढून भागायचं नाही." उठून वकीलबाईंपर्यंत जावं म्हटलं, तर पायात ते बूट. एक पाऊल टाकलं की सगळी खोली वळून बघणार. मी बाकाची कड धरून बसले.

न्यायाधीश मावशींचं उत्तर खालच्या आवाजात टाइप करणाऱ्या मुलीला लिहायला सांगत होते, "हे म्हणणे खरे आहे की, सदर मुलगी पायरीवर असताना मी बस चालू करण्याची शिट्टी दिली."

मोठा माणूस काही बोलला, मग त्यावर गप्प कसं राहायचं. मावशी अदबीने म्हणाल्या, "हो साहेब."

क्षणभर त्यांच्या कपाळावर आठी आली. तोंड उघडलं. काहीतरी खटकलं होतं त्यांना. "पण साहेब, मी तर..."

"विचारलं तेवढंच उत्तर द्या," न्यायाधीश म्हणाले, आणि घड्याळाकडे बघून उरलेली उलटतपासणी उद्यावर टाकली. मावशींनी तोंड मिटलं. कागदावर लिहिलंच होतं, न्यायाधीश बोलत असताना मध्ये बोलू नये.

बाहेर व्हरांड्यात मी टपटप करत वकीलबाईंना गाठलं. त्या दुसऱ्या कोर्टात निघाल्या होत्या, हातात फायली, काखेत फायली.

"तुमच्या मावशींनी सगळं कबूल केलं की हो," त्या म्हणाल्या. चिडलेल्या नव्हत्या, थकलेल्या होत्या. "लांब शिट्टी, लांब शिट्टी म्हणून मला महिनाभर सांगितलं, आणि त्याने विचारल्यावर दुसऱ्या वाक्याला पलटली."

"पलटल्या नाहीत त्या. त्यांचा 'हो' तसा नसतो, तो..."

"मग कसा असतो?" चालता चालताच विचारलं, आणि उत्तराला थांबल्या नाहीत. "नंतर बोलू. आणि एक लक्षात ठेवा. तिची उलटतपासणी अजून चालू आहे. तिच्याशी साक्षीबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. तुम्ही पढवलंत असं त्याने नुसतं म्हटलं तरी तिचं उरलंसुरलं जाईल."

मावशी फाटकाशी शिट्टी गळ्यात घालत होत्या. चेहरा उजळलेला. मोठं संकट टळल्यासारखा.

"ताई, मी उगाच घाबरले होते," म्हणाल्या. "चांगले होते हो ते वकील. किती हळू विचारत होते. पाय दुखतात म्हणूनसुद्धा विचारलं. आपल्या बाईंनी नाही विचारलं." मग दोन पावलं चालून थांबल्या. "शेवटी साहेब काय म्हणाले ते नीट कळलं नाही. शिट्टीचं काहीतरी होतं. पण उद्या परत बोलावलंय, तेव्हा सांगेन त्यांना. मी नीट वागले ना ताई?"

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. मावशी, उद्या तोंडातून तो शब्द काढू नका. ऐका, वाक्य संपू द्या, मग नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा. दहा शब्दांचं काम. आणि फाटकापाशी ड्रायव्हरचा भाऊ आमच्याकडे बघत उभा होता.

"हो," मी म्हणाले.

मावशी खूश झाल्या. माझे बूट त्या घेऊन गेल्यात. आज घरात घालून फिरणार आहेत, उद्यापर्यंत सैल होतील म्हणून. आत्ता या क्षणी त्या आपल्या खोलीत तेच घालून खिडकीपासून दारापर्यंत चालत असतील, उद्या सरळ उभं राहता यावं यासाठी.

ह्यांना जेवताना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "तू यात जास्त पडू नकोस. आज शिपायाने बजावलंय, उद्या नोटीस निघेल तुझ्या नावाने. आपल्याला पोर आहे."

"तीच पोर त्यांनी खांद्यावर आणली होती."

"ते मी नाकारतोय का? पण कोर्ट आहे ते. तिथे 'हो' म्हणजे होच."

इथेच तर भीती आहे. त्यांचं खोटं आहे असं मला म्हणता येत नाही. टाइप झालेला 'हो' दिसायला होकारासारखाच दिसतो. त्यात वडिलांची नजर नाही, टॉवेल वाळणारी सायकल नाही. लेकीला विचारलं, तर ती हातातला मोबाईल न ठेवता म्हणाली, "आई, मावशींना विचार ना, पृथ्वी सपाट आहे का. हो म्हणतील आणि मग विचारतील, कोण म्हणालं?" आणि मोबाईल ठेवून दिला. "त्यांना आत टाकतील?"

मी तिला झोपायला पाठवलं. मघाशी तिच्या खोलीत डोकावून आले, पाय पांघरुणाबाहेर, लहानपणी झोपायची तशीच. त्या लहान मुलीची आईही आत्ता तिचा पाय उशीवर ठेवून जागी असेल. तिलाही खरं कळायला हवं ना, शिट्टी कुठली होती ते.

मावशींशी मी बोलू शकत नाही. त्यांना फोन केला आणि नुसतं "जेवलात का" विचारलं तरी पुढचं माझ्या तोंडून निसटेल. माझा माझ्यावर तेवढा भरवसा नाही. पण वकीलबाईंशी बोलू नको असं कुणी सांगितलेलं नाही. उलटतपासणी झाल्यावर त्यांनाही पुन्हा प्रश्न विचारता येतात, हे त्यांनीच पहिल्या भेटीत समजावलं होतं. त्यांनी मावशींना एवढंच विचारावं, बाई, तुम्ही 'हो' कशाला म्हणता? मावशी सांगतील. वडिलांपासून सांगतील, अख्ख्या कोर्टाला ऐकावं लागेल. आणि पुरावा हवा असेल तर मला पिंजऱ्यात बोलवा. थांब्यावरच्या त्या दोघी आयांनाही बोलवा, माझ्याच बाजूच्या होत्या म्हणून त्या शपथेवर भांडतील.

मी पिंजऱ्यात उभी राहिले तर तो गोड आवाजाचा माणूस मला काय विचारेल, तेही आत्ताच दिसतंय. मान हलवलीत ना काल, बाई? कुणाला खूण करत होतात? मला नीट उत्तर सुचणार नाही. मी चाचरेन. शिवाय साक्षीदार झाले तर मागच्या बाकावर बसता येणार नाही, आणि मावशी मान वर करून बघतील तेव्हा तिथे ओळखीचं कुणी नसेल. कदाचित वकीलबाई म्हणतील, हे असलं काही कोर्टात चालत नाही. कदाचित मी मदत करायला जाऊन असलेलं बिघडवेन.

फोन सकाळी करू म्हणावं, तर सकाळी वकीलबाई कोर्टात असणार आणि कोर्टात मोबाईल बंद. फाटकाच्या आत पाऊल टाकलं की मीही मुकी आणि त्याही बहिऱ्या.

नंबर समोर आहे. अशा अवेळी एखाद्या बाईच्या घरी फोन करणं कुठल्या रीतीत बसतं, मला ठाऊक नाही. त्या रागावतील. रागावू देत. पहिलं वाक्य मनात पाठ केलंय, चाचरायला नको म्हणून. बाई, मावशी 'हो' म्हणाल्या ते उत्तर नव्हतं, त्या ऐकत होत्या.

लेकीच्या खोलीचं दार ओढून घेते, आवाजाने जागी व्हायला नको. मग फोन लावते.